गुरूच्या नावाची पोकळी

समा भागातील आमच्या घरी एका संध्याकाळी नातवाचे गुजराती पाठ्यपुस्तक उघडे होते. पाठ होता 'चेतातंत्र'. मी म्हणालो, "आमच्या वेळी याला मज्जासंस्था म्हणत." तो हसला. "आजोबा, मज्जा तर हाडात असते!" त्याचेही खरेच होते. मग सवयीने मी म्हणून गेलो, "हे सारे आपल्या योग्यांना ठाऊकच होते." त्याने सरळ विचारले, "कुणी मोजून पाहिले?"

उत्तर बडोद्यातच होते.

मेंदू आणि मेरुरज्जू ही या संस्थेची मुख्य ठाणी. मेंदूतून तंतूंच्या 12 आणि मेरुरज्जूतून 31 जोड्या निघून शरीरभर पसरतात. हात उचलायचा तर हुकूम आपला. हृदय, जठर, आतडी यांचा कारभार मात्र निराळ्या तंतूंकडे असतो. तेथे आपला हुकूम थेट चालत नाही. श्वास तेवढा दोन्ही खात्यांत मोडतो. झोपेत तो लंबमज्जा चालवते, जागेपणी काही काळ आपण तो रोखू शकतो. योगाचे सारे दावे याच सीमेवरचे.

त्या सीमेवर मोजमाप घेऊन गेला तो आपल्याच मुलखातला माणूस. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 1883 साली डभोईचा. शिक्षण बडोदा कॉलेजात. 1907 ते 1910 या काळात त्यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकरावांकडे तालीम घेतली. 1919 मध्ये नर्मदाकाठी मालसरला त्यांना परमहंस माधवदासजी हे गुरू लाभले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. गुरूंवर निष्ठा होती, तरी 1920-21 मध्ये त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना बडोद्याच्या सरकारी इस्पितळातील प्रयोगशाळेत नेले आणि उड्डियान व नौलीचा परिणाम तपासला.

नौलीत श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढतात आणि पोटाचे उभे स्नायू मध्यभागी आणतात. बस्तिक्रियेत अशा वेळी पाणी आपोआप आतड्यात चढते. मग योगी आतड्यांना हुकूम देतो काय? 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन झाले, 'योगमीमांसा' त्रैमासिक निघाले, आणि क्ष-किरण व दाबमापक घेऊन हे काम पुढे चालले. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे आढळले. म्हणजे हुकूम सुटतो तो आपल्या ताब्यातल्या स्नायूंना. पोटात पोकळी होते आणि पाणी ओढले जाते. चमत्कार गेला, पण क्रिया खरी ठरली. त्या पोकळीला त्यांनी नाव दिले माधवदासांचे.

1927 साली मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी कुंडलिनी म्हणजे व्हेगस ही दहावी मस्तिष्क-चेता, असे इंग्रजी पुस्तकात मांडले. कल्पना मोहक आहे; पण जुन्या नावापुढे नवे नाव लिहिले म्हणजे मोजमाप होत नाही. आपल्या घरांतून वारशाचा अभिमान पुष्कळ, तपासणी थोडी. गुण्यांनी तपासणी केली म्हणून त्यांची गुरुभक्ती उणी झाली नाही.

नातवाने वहीत शीर्षक लिहिले, 'चेतातंत्र', आणि खाली माझ्यासाठी कंसात 'मज्जासंस्था'. मीही ठरवले, "आपल्याला ठाऊकच होते" असे म्हणण्यापूर्वी त्याचा प्रश्न आधी स्वतःला विचारायचा.