कळसाचा दगड : शेवटच्या वर्षी पत्रकाराला काय शिकवायचं?

पदवीच्या शेवटच्या वर्षी जो मोठा प्रकल्प असतो, त्याला हल्ली ‘कॅपस्टोन’ म्हणतात. बांधकामात सगळ्यात वर बसवायचा तो दगड. आपण कळस म्हणू. माध्यमांच्या विद्यार्थ्यांसाठी हा कळस म्हणजे बहुतेकदा नोकरी मागताना दाखवायचं काम : एखादा माहितीपट, नाहीतर बातम्यांची फाइल. पण या कल्पनेची मुळं शोधत गेलो, तर ती सापडतात थेट माझ्या विषयात, तत्त्वज्ञानात!

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कॉलेजांत शेवटच्या वर्षाला नीतितत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम असे आणि तो बहुधा कॉलेजचे अध्यक्ष स्वतः शिकवत. ब्राउनमध्ये फ्रान्सिस वेलंड, विल्यम्समध्ये मार्क हॉपकिन्स. वेलंड यांचं नीतिशास्त्रावरचं पाठ्यपुस्तक १८३५ साली निघालं आणि देशभर चाललं. जे शिकलात ते घेऊन आता जगात कसं वागणार, हा त्या वर्गाचा प्रश्न. दोष होताच. उत्तरं आधीच ठरलेली असत आणि ती ख्रिस्ती धर्मश्रद्धेच्या चौकटीतली असत. पुढे ज्ञानशाखा वेगळ्या झाल्या, प्राध्यापक आपापल्या विषयांचे झाले आणि तो वर्ग मागे पडला.

पत्रकारितेचं शिक्षण उभं राहिलं ते यानंतर. १९०४ साली ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’चे मालक जोसेफ पुलित्झर यांनी पत्रकारितेच्या कॉलेजची बाजू मांडणारा दीर्घ लेख लिहिला. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांचं मत होतं की जाहिरात, खप, व्यवस्थापन हेही शिकवावं. पुलित्झरना ते मान्य नव्हतं. गंमत बघा, धंद्यात मुरलेला माणूस म्हणतो, धंदा शिकवू नका. इतिहास, कायदा, नीती शिकवा! त्यांच्या देणगीतून कोलंबियात शाळा सुरू झाली १९१२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

त्याआधीच, १९०८ मध्ये, मिसुरी विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांनी पत्रकारितेची शाळा काढली. स्वतः विल्यम्सकडे पदवी नव्हती. १४ सप्टेंबरला वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. कागदावरचा सराव नव्हे, गावातल्या लोकांनी वाचायचं खरं वृत्तपत्र. नाव चुकलं, तर ते नाव असलेला माणूस त्याच गावात राहतो! पत्रकारिता हा जनतेने टाकलेला विश्वास आहे, असं विल्यम्स म्हणत. ते नुसतं भाषण नव्हतं, त्यामागे हा रोजचा अनुभव होता.

आता माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेला मी परीक्षक होतो. एका मुलाने वीटभट्टीवरच्या एका बाईवर माहितीपट केला होता. छायाचित्रण उत्तम. मी संकलनावर दोन प्रश्न विचारले आणि भरघोस गुण दिले. घरी जाताना लक्षात आलं : त्या बाईने ही फिल्म पाहिली का, मालकाने तिला कामावरून काढलं तर काय, हे मी विचारलंच नाही. तत्त्वज्ञानाचा डॉक्टर असून!

म्हणून शेवटच्या वर्षाचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. एक, काम खऱ्या वाचकापुढे जाऊ द्या आणि चूक झाली तर दुरुस्तीही विद्यार्थ्यालाच छापू द्या. दोन, काय घेतलं, काय गाळलं, कोणाची परवानगी विचारली, याची वही त्याला ठेवायला लावा. तीन, तोंडी परीक्षेला एक तरी माणूस माध्यमाबाहेरचा बसवा. तो ‘कसं केलं’ विचारणार नाही, ‘का केलं’ विचारेल.

यामुळे नोकरीची तयारी कमी होईल, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. यंत्रं दर काही वर्षांनी बदलतात, ती नोकरीत शिकता येतात. पण संध्याकाळी सातला संपादक ‘हे छाप’ म्हणतो आणि आपलं मन ‘थांब’ म्हणतं, तेव्हा काय करायचं, याचा सराव पगार सुरू होण्याआधीच झालेला बरा. वेलंडचा प्रश्न आणि विल्यम्सचं वृत्तपत्र, दोन्ही एकत्र आले तर कळस नीट बसेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.