सूत्र आणि प्रसंग : गोदाकाठची अर्थपरंपरा

गोदावरीच्या खोऱ्यात तत्त्वग्रंथ कसा लावावा याचा विचार तेराव्या शतकापासून झालेला आहे. पैठण-डोमेग्रामच्या परिसरात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी मराठीतून केलेले निरूपण म्हाइंभटांनी लीळाचरित्रात प्रसंगवार नोंदवले. पुढे केसोबासांनी त्यातली वचने निवडून सूत्रपाठ रचला. वचने सुटी झाली, पाठांतर सोपे झाले. पण एक अडचणही आली. दोन-चार शब्दांचे सूत्र कोणाला, कोणत्या प्रश्नावर सांगितले हे कळले नाही, तर त्याचा हवा तो अर्थ काढता येतो. म्हणून ‘प्रकरणवश’ या ग्रंथप्रकारात प्रत्येक सूत्रामागचा प्रसंग दिला गेला. व्यक्तीपुरता दिलेला उपदेश सर्वांसाठीचा सिद्धान्त ठरू नये, हा या पद्धतीचा खरा लाभ. आचारबंद, विचारबंद, लक्षणबंद ही भाष्ये त्यानंतरची. महानुभाव पंथीयांनी मात्र हे ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत ठेवले. ती लिपी वि. का. राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना हे भांडार जवळजवळ बंदच होते.

ज्ञानेश्वरीपुढचा प्रश्न वेगळा होता. नकलाकारांच्या हातून पाठ बिघडला होता. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तो शुद्ध केला आणि त्यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. अर्थाआधी पाठ निश्चित करण्याचे मराठीतले हे ठळक उदाहरण. तरीही राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेली पोथी छापली आणि पाठाचा वाद नव्याने सुरू झाला.