देवाची खूण कशी ओळखावी?
(संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रावरून)



महोत्सवाच्या या मंगल वर्षीं जो तो मागें वळून पाहत आहे, आणि देवानें आपल्या धर्मग्रामास कोणकोणत्या प्रसंगीं हात दिला याचें स्मरण करीत आहे. अशा वेळीं मला एका प्रश्नाची आठवण होते. धर्मगुरूच्या दारीं येणारे पुष्कळजण तो विचारतात : "फादर, ही देवाची खूण समजावी काय?"

कांहीं काळापूर्वीं एक वृद्ध माता अशीच आली. तिच्या मुलास आखाती देशांत नोकरी मिळाली होती. त्याच्यासाठीं तिनें नोव्हेना धरली होती; आणि नवव्या दिवशीं, प्रार्थना चालू असतां, मेणबत्ती विझली. देव मुलाला जाऊं नको म्हणतो आहे, असें तिच्या मनानें घेतलें. मीं विचारलें, "आई, खिडकी उघडी होती का?" ती म्हणाली, "होती. पण फादर, वारा तरी कोणाचा?"

या प्रतिप्रश्नानें मी निरुत्तर झालों. वारा देवाचाच आहे, हें खरें. परंतु प्रत्येक झुळूक म्हणजे देवाचा निरोप नव्हे, हेंही तितकेंच खरें. मग निरोप कोणता आणि नुसता वारा कोणता, हें ओळखावें कसें? या बाबतींत ख्रिस्तसभेला ज्यांनीं सर्वांत अधिक शिकविलें, ते संत इग्नेशियस स्वतः चुकत चुकतच शिकले. म्हणून त्यांचें चरित्र आपणांस जवळचें वाटावें.

इग्नेशियस यांचा जन्म इ. स. १४९१ मध्यें स्पेन देशाच्या बास्क प्रांतांत, लोयोला येथील सरदार घराण्यांत झाला. २० मे १५२१ रोजीं पांप्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याशीं लढतांना तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. घरीं आणल्यावर हाडें नीट जुळलीं नाहींत म्हणून तीं पुन्हां मोडून बसवावीं लागलीं. अंथरुणावर वेळ जाईना, तेव्हां त्यांनीं शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. परंतु त्या वाड्यांत ख्रिस्तचरित्र आणि संतांचीं चरित्रें यांखेरीज दुसरें कांहीं सांपडलें नाहीं. नाइलाजानें तीं वाचतां वाचतां त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. राजदरबार, पराक्रम, एका थोर स्त्रीची मर्जी यांचे मनोराज्य चाललें असतां गोड वाटे. पण तें सरल्यावर मन कोरडें व असंतुष्ट राही. उलट, संतांप्रमाणें आपणही कष्ट सोसावे हा विचार चालू असतां आनंद होई, आणि विचार संपल्यावरही तो आनंद टिके. बाहेर कोणताही चमत्कार झाला नव्हता. मागें काय उरतें, एवढेंच त्यांनीं पाहिलें. पुढें जें शास्त्र त्यांनीं रचिलें त्याचा पाया या साध्या निरीक्षणांत आहे.

परंतु एवढ्यानें त्यांस पुरतें ज्ञान झालें असें मात्र नाहीं. इ. स. १५२२ मध्यें मोंसेरातच्या वाटेवर एका मूर प्रवाशाशीं त्यांचा पवित्र मरियेच्या कौमार्याविषयीं वाद झाला. तो प्रवासी पुढें निघून गेल्यावर, मातेचा अपमान झाला, आतां मागें जाऊन त्यास खंजीर मारावा कीं काय, असा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला. निर्णय होईना, तेव्हां त्यांनीं आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर गांवाच्या वाटेनें गेलें तर त्या माणसाला गांठावें, हमरस्त्यानें गेलें तर सोडून द्यावें! सुदैवानें खेचर हमरस्त्यानें गेलें. एका माणसाचा जीव वांचला, आणि एक संत खुनाच्या पापापासून वांचला. तरी शेवट चांगला झाला म्हणून रीत चांगली ठरत नाहीं. म्हातारपणीं स्वतः इग्नेशियस यांनीं ही गोष्ट सांगितली ती आपला जीव तेव्हां किती आंधळा होता हें दाखविण्यासाठीं. ज्या प्रश्नाचें उत्तर देवानें पांचव्या आज्ञेंत देऊन ठेवलें आहे, तो जनावराच्या पायांवर सोंपवावयाचा नसतो.

पुढें मान्रेसा येथें, तपश्चर्येच्या काळांत, त्यांस हवेंत एक झळाळती वस्तु वारंवार दिसे. सर्पासारखा तिचा आकार आणि अनेक डोळ्यांसारखें तेज असे. ती पाहून बरें वाटे. नाहीशी झाली कीं उदास वाटे. एके दिवशीं क्रूसापुढें गुडघे टेकले असतां त्यांस उमगलें कीं, क्रूसाजवळ तिचें तेज फिकें पडतें. हें देवाचें नव्हे. जें क्रूसापुढें टिकत नाहीं, तें कितीही सुंदर असलें तरी सोडावें.

तिसरा धडा यरुशलेमेंत मिळाला. इ. स. १५२३ मध्यें ते तेथें पोंचले, आणि जन्मभर तेथेंच राहावें अशी देवाची इच्छा आहे, याची त्यांस पक्की खात्री होती. परंतु तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनीं, पोपमहाशयांकडून मिळालेल्या अधिकारानें, त्यांस परत जाण्यास सांगितलें. ते परतले. अंतःकरणाची खात्रीही ख्रिस्तसभेच्या आज्ञेपुढें नमविली पाहिजे, हें ते शिकले. पुढें १५ ऑगस्ट १५३४ रोजीं पॅरिसमधील मोंमार्त्र येथें त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं पुन्हां यरुशलेमेचा नवस केला; मात्र या वेळीं, वाट बंद झाल्यास पोपमहाशय पाठवितील तेथें जाऊं, अशी पुस्ती जोडली. इ. स. १५३७ मध्यें तुर्क आणि व्हेनिस यांच्या युद्धामुळें यात्रेकरूंचें जहाज निघालेंच नाहीं. ते रोमला गेले, आणि २७ सप्टेंबर १५४० रोजीं पोप तिसरे पॉल यांनीं येशूसंघाला मान्यता दिली.

त्यापूर्वींच पोर्तुगालच्या राजानें हिंदुस्थानासाठीं धर्मगुरू मागितले होते. नेमलेले बोबादिया ऐन वेळीं आजारी पडले. त्यांच्या जागीं फ्रान्सिस झेवियर यांचें नांव निघालें, आणि मार्च १५४० मध्यें एका दिवसांत तयारी करून ते रोमहून निघाले. ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास पोंचले. वसईसही त्यांचे पाय लागले. एका सोबत्याचें आजारपण, आणि त्यापुढें एका मित्राचें "मी तयार आहे" हें उत्तर! स्वप्न नाहीं, आकाशवाणी नाहीं. तरी या प्रांतांतल्या किती घरांचा इतिहास त्या दिवशीं बदलला!

आतां माझा स्वतःचा एक प्रसंग सांगतों. मी सेमिनरींत असतां वडील अंथरुणास खिळले. त्याच आठवड्यांत परीक्षेंत अपयश आलें, आणि प्रार्थनेंत मन लागेना. हीच खूण, देव घरीं बोलावतो आहे, असें समजून मीं ट्रंक भरली. आमच्या मार्गदर्शक फादरांनीं एवढेंच विचारलें, "ट्रंक भरतांना मन कसें होतें?" मीं म्हटलें, "काळोखलेलें." ते म्हणाले, "मग काळोखांत वाट बदलूं नकोस. उजाडेपर्यंत थांब." हा नियम संत इग्नेशियस यांचाच आहे, इ. स. १५४८ मध्यें मान्यता पावलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथांत तो आहे. मी थांबलों. उजाडल्यावर दिसलें कीं, ती खूण नव्हती, थकवा होता.

तेव्हां खुणेच्या मागें लागण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. देवाची आज्ञा व आपलें कर्तव्य यांच्या विरुद्ध ती जाते काय? क्रूसापुढें ती टिकते काय? भीति ओसरल्यावर मागें शांति उरते, कीं कोरडेपणा? आणि पापनिवेदनाच्या ठिकाणीं किंवा शहाण्या माणसापुढें ती उघड सांगतां येते काय?

त्या मातेला मीं मेणबत्तीचा अर्थ सांगितला नाहीं. तिला व मुलाला समोरासमोर बसविलें, आणि भीति कशाची आहे तें विचारलें. पुष्कळ वेळानें ती म्हणाली, "माझे डोळे मिटायला कोण असेल?" मुलाला हें ठाऊकच नव्हतें. पुढें त्यांनीं काय ठरविलें तें त्यांच्या घरचें आहे. एवढेंच सांगतों कीं, ठरविलें तें दोघांनीं मिळून, आणि निवांत मनानें. विझलेल्या मेणबत्तीपेक्षां त्या मातेच्या तोंडून निघालेल्या सत्यांत मला देवाचा हात अधिक स्पष्ट दिसला.

महोत्सवाच्या या वर्षीं पवित्र आत्मा आपणां सर्वांस तो हात ओळखण्याची दृष्टि देवो, आणि ओळखल्यावर झेवियरप्रमाणें "मी तयार आहे" म्हणण्याचें बळ देवो. आमेन.