लेजर ते डॅशबोर्ड : एका हरवलेल्या रकान्याचा शोध

निलंग्यातील एका महाविद्यालयात परीक्षा विभागाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा एका लोखंडी कपाटाची किल्लीही हाती आली. कपाटात जुने निकालाचे लेजर होते. कापडी बांधणी, कोपरे वाळवीने खाल्लेले. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ, प्रत्येक विषयाचा एक रकाना, शेवटी बेरीज आणि शेरा. नॅकसाठी पाच वर्षांच्या निकालाचे विश्लेषण करायचे होते, म्हणून मी ते कपाट उघडले. काम आठवड्याचे होते, पण त्या रकान्यांमागे आपल्या भागाचा केवढा इतिहास आहे हे हळूहळू लक्षात येत गेले. तोच या लेखाचा विषय.

निलंगा 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि तिथे 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. राज्यपुनर्रचनेत तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात आला. 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्याला वर्ष व्हायच्या आतच, 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे. गुणपत्रकातील एका चुकीसाठी औरंगाबादपर्यंत एस.टी.ने जाण्याचे दिवस त्यानंतर सरले.

नॅकची स्थापनाही 1994 सालचीच. म्हणजे आपल्याला जवळचे विद्यापीठ मिळाले आणि महाविद्यालयांच्या मोजमापाची देशव्यापी यंत्रणा उभी राहिली, त्या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या.

लेजरचा जमाना विश्वासावर चालत असे. एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने ताडायचे, खाडाखोड झाली तर तिथे सही करायची. त्या खाडाखोडीचे राजकीय वजन किती असू शकते, हे निलंगेकरांना वेगळे सांगायला नको. जून 1985 मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेतील गुणांत फेरफार झाल्याचा वाद उच्च न्यायालयात गेला, आणि एकल न्यायमूर्तींच्या प्रतिकूल निष्कर्षांनंतर मार्च 1986 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. अपिलात खंडपीठाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निष्कर्षांची पुन्हा छाननी केली. न्यायालयीन तपशील हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे नोंदवायचे ते एवढेच की, गुणपत्रिकेवरच्या काही आकड्यांवरून राज्याचे सरकार बदलले.

गुण लबाडीनेच चुकतात असे मात्र नाही. 1888 साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाने परीक्षांच्या गुणांवर एक निबंध प्रसिद्ध केला. एकच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या परीक्षकांना दिली तर गुण वेगवेगळे पडतात, आणि काठावरच्या विद्यार्थ्याचे पास-नापास पुष्कळदा योगायोगावर ठरते, असे त्याने दाखवले. आपल्याकडचे मॉडरेशन, पुनर्मूल्यांकन आणि ग्रेसचे गुण ही याच अडचणीवरची उत्तरे आहेत.

पुढे संगणक आला. 1979 मध्ये व्हिजिकॅल्क हा पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट बाजारात आला, 1985 मध्ये एक्सेल. 1990 च्या दशकात पिव्होट टेबल रुळले आणि मोठा बदल झाला. लेजरची मांडणी एकदा ठरली की ठरली. पिव्होट टेबलमध्ये तीच माहिती विषयवार, वर्षवार, मुले-मुली अशी हवी तशी फिरवून बघता येते. डॅशबोर्ड म्हणजे अशाच तक्त्यांना आलेख जोडून एका पडद्यावर आणणे. विषयावर बोट ठेवले की त्या विषयाचा पाच वर्षांचा आलेख समोर येतो.

यंत्राने घाई मात्र करू नये. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये लाखो उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचे ठरवले. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटून गेली, निकाल लांबत राहिले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. नव्या विद्यापीठ कायद्यानुसार निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लागायला हवा. पुढच्या प्रवेशासाठी थांबलेल्या मुलांना या दिवसांचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही.

मी केलेला डॅशबोर्ड दिसायला झकास होता. हिरवे खांब वर्षागणिक उंच होत गेलेले. मीटिंगच्या आदल्या दिवशी तो आमच्या निवृत्त हेडक्लार्कना दाखवला. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. चष्मा वर सरकवून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “सर, सगळं बेस आहे. पण फॉर्म भरून पेपरला न आलेली पोरं कुठं दाखवलीत?”

मी ती कुठेच दाखवली नव्हती. लेजरमध्ये त्यांच्या ओळीत ‘गैरहजर’ असे लाल शाईत लिहिलेले असे, पान उलटताना नजर तिथे अडखळत असे. मी मात्र टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढली होती. नॅकचे सूत्रही तेच आहे : अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी उत्तीर्ण किती? समजा, 100 जणांनी प्रवेश घेतला, 70 परीक्षेला बसले आणि 56 उत्तीर्ण झाले. निकाल 80 टक्के. प्रवेश घेतलेल्यांच्या हिशेबाने तो 56 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण 30 मुले फक्त दुसऱ्यात दिसतात.

त्या रात्री मी तक्ता पुन्हा बांधला. प्रवेश, फॉर्म, हजर, उत्तीर्ण असे चार रकाने शेजारी शेजारी ठेवले. हिरवे खांब खाली आले. मग गैरहजरांची यादी घेऊन आम्ही फोन लावायला बसलो. कोणी पुण्याला कंपनीत लागलेला, कोणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले आणि धाकट्या भावंडांसाठी तो घरी थांबलेला. काही मुलींची लग्ने झालेली. काहींचे फोन लागलेच नाहीत. काही जण पुढच्या सत्रात येऊन बसले.

एक खबरदारीही शिकलो. वर्ग, प्रवर्ग, मुलगी असे गाळत गेलो की शेवटी चौकटीत एकच विद्यार्थिनी उरते, आणि नाव न लिहिताही सगळ्यांना कळते ती कोण. म्हणून फार थोडे विद्यार्थी असलेली चौकट आम्ही उघडी ठेवत नाही.

मीटिंगमध्ये तो तक्ता पाहून थोडी नाराजी झाली. “निकाल कमी का दाखवता?” असे विचारले गेले. बसलेल्यांचा आकडा जिथे मागितला होता तिथे तोच दिला, आणि आमच्या कामासाठी चार रकाने कायम ठेवले. डॅशबोर्डवर गैरहजरांच्या रकान्याला मी लाल रंग दिला आहे. ही कल्पना माझी नव्हे, लेजरमधल्या लाल शाईची आहे.