रक्त काढण्याचा कोर्स ऑनलाइन करताय? फी भरण्याआधी हे तपासा

अंबरनाथ : 'घरबसल्या फ्लेबोटॉमी टेक्निशियन व्हा' अशा जाहिराती मोबाईलवर येतात. फ्लेबोटॉमी टेक्निशियन म्हणजे तपासणीसाठी रक्त काढणारा, आपल्या बोलीत लॅबवाला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात दवाखाने आणि लॅब बऱ्याच आहेत, घरी येऊन रक्त नेणारेही लागतात. त्यामुळे मुरबाड, वांगणी, बारवी धरणाकडच्या गावांतली दहावी-बारावी झालेली मुलं-मुली या कामाकडे वळू शकतात. पण हे काम मोबाईलवर किती शिकता येतं, हे आधी समजून घ्या.

मोबाईलवर काय शिकता येतं?

थिअरी सगळी शिकता येते. हाताच्या शिरा कुठून जातात, उपाशीपोटी साखरेसाठी किमान ८ तास काही खायचं नाही, कोणत्या तपासणीला कोणती ट्यूब, हे व्हिडिओ पाहून नीट कळतं. शेतीची कामं किंवा नोकरी सांभाळून रात्री अभ्यास होतो, रोजचं गाडीभाडं वाचतं.

ट्यूबच्या झाकणाचे रंग पाठच हवेत. फिकट निळं रक्त गोठण्याच्या तपासणीला, लाल किंवा पिवळं सीरमसाठी, हिरव्यात हेपॅरिन, जांभळं सीबीसीला, राखाडी साखरेला. ट्यूब भरायच्या त्याही याच क्रमाने. जांभळ्या ट्यूबमधल्या औषधात पोटॅशियम असतं. ते चुकून सीरमच्या ट्यूबमध्ये गेलं तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटंच वाढलेलं आणि कॅल्शियम कमी दिसतं. पेशंटला काही झालेलं नसताना डॉक्टर उपचाराकडे वळू शकतात.

काय शिकता येत नाही?

सुई टोचणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली रक्त काढण्याची पद्धत लिहून दिली आहे. पट्टा टोचण्याच्या जागेच्या चार-पाच बोटं वर बांधायचा, ७० टक्के अल्कोहोलने जागा पुसून सुकू द्यायची, सुई ३० अंश किंवा त्याहून कमी तिरकी घालायची. हे वाचायला दोन मिनिटं लागतात. पण म्हाताऱ्या माणसाची सरकणारी शीर, लहान पोराचा हलणारा हात, रक्त पाहून चक्कर येणारा पेशंट, हे शिकायला जाणत्या टेक्निशियनच्या शेजारी उभं राहावंच लागतं.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात परवान्यासाठी शिकताना ५० वेळा शिरेतून आणि १० वेळा बोटातून रक्त काढून दाखवावं लागतं. तिथेही नुसत्या व्हिडिओवर भागत नाही.

फी भरण्याआधी पाच प्रश्न

१. प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये? लेखी द्या म्हणा.
२. किती दिवस, आणि किती पेशंटचं रक्त स्वतःच्या हाताने काढायला मिळेल?
३. शेजारी उभं राहून शिकवणार कोण?
४. सर्टिफिकेट कोणाचं? हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं असेल तर सेंटरचं नाव स्किल इंडिया डिजिटल हबवर शोधा.
५. कोर्स अर्धवट सुटला तर फी परत मिळते का?

'जॉब शंभर टक्के' म्हणणाऱ्याकडून तेही लेखी मागा. द्यायला तयार नसेल तर पैसे देऊ नका. उल्हासनगरचं सेंट्रल हॉस्पिटल, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा जवळच्या खासगी लॅबमध्ये स्वतः जाऊन विचारा, 'या सर्टिफिकेटवर तुम्ही कामाला घ्याल का?' एका फेरीत खरं-खोटं कळेल.

पुढे जायचं असेल तर

फ्लेबोटॉमीचा छोटा कोर्स आणि डीएमएलटी एक नाही. डीएमएलटीवाला तपासणीही करतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे सहयोगी आरोग्य व्यावसायिकाचा डिप्लोमा किंवा डिग्री किमान २००० तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली हवी. तीन महिन्यांत 'लॅब टेक्निशियन' करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

स्वतःचा जीव सांभाळा

प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी हिपॅटायटीस बी लसीचे तीन डोस घ्या. ते साधारण सहा महिन्यांत पूर्ण होतात, म्हणून आधीच सुरुवात करा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, ती पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाका. सुई स्वतःला टोचलीच तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत.

थोडक्यात, अभ्यास मोबाईलवर करा, पण हात पेशंटसमोरच बसवा. ज्या कोर्सात प्रॅक्टिकल नाही, त्याची फी भरू नका.