कुंडलचा नांगर आणि इंजिनाचा रॉकर आर्म : गुणोत्तराची देवघेव

१/ कुंडल रोड हे मिरज-पुणे लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक. आज ते किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. यंत्राचे माप कशावरून ठरवावे, या प्रश्नाचा शोध घेण्यास याहून योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

२/ बेळगावातून कारखाना हलवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये कुंडलनजीक ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखाना व वसाहत उभी राहिली.

३/ किर्लोस्करांचे आरंभीचे प्रसिद्ध उत्पादन म्हणजे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे सुरुवातीस तो विकलाही जाईना. नांगराचे एक गणित मात्र कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक असते : फाळ जितका खोल, तितका बैलांवर ताण. खोली जमिनीइतकीच बैलांच्या ताकदीवरही ठरते.

४/ हेच गणित इंजिनात ‘रॉकर आर्म’च्या रूपाने भेटते. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. या घराण्याचे नाव त्यानंतर शेताशेतांतील डिझेल इंजिनांशी जोडले गेले.

५/ रॉकर आर्म म्हणजे एक छोटी तरफ. कॅमशाफ्टचा उंचवटा पुशरॉडला वर ढकलतो, तरफेचे एक टोक उचलले जाते आणि दुसरे टोक व्हॉल्व्ह खाली दाबते. टेकूपासून व्हॉल्व्हकडील अंतर भागिले पुशरॉडकडील अंतर, हे तिचे गुणोत्तर.

६/ कॅमची उचल ७ मिलिमीटर असेल, तर १.५ गुणोत्तराने व्हॉल्व्ह १०.५ मिलिमीटर उघडतो, १.६ ने ११.२. कॅमशाफ्ट न बदलता हवेची वाट रुंदावते. मोटारींची शक्ती वाढविणाऱ्यांना याचाच मोह पडतो.

७/ परंतु तरफ फुकट काही देत नाही. स्प्रिंगचा दाब १०० किलो असेल, तर पुशरॉडवर १५० ऐवजी १६० किलोंचा भार पडतो. व्हॉल्व्हचा वेगही वाढतो. स्प्रिंग पूर्ण दबून वेटोळी एकमेकांस टेकू शकतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो, आणि वेगवान फेऱ्यांत तो वेळेवर बंद होईनासा होतो.

८/ म्हणून इंजिनाचे काम आधी पाहावे. किर्लोस्करांचे एव्ही-१ हे एकसिलिंडरी इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांचे. त्यात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो. मोटारीचे इंजिन ६००० फेऱ्यांवर गेले की हाच आकडा ३००० होतो. फेऱ्या चौपट झाल्या, की झीज आणि धोका यांचा हिशेबही बदलतो.

९/ गुणोत्तर निवडताना स्प्रिंग, पुशरॉड, व्हॉल्व्ह व पिस्टन यांतील मोकळी जागा मोजून घ्यावी. डोक्यातील हवामार्ग जितकी हवा सोडू शकतो, त्यापलीकडे व्हॉल्व्ह उघडूनही लाभ नसतो.

१०/ विहिरीवर पंप चालविणाऱ्या शेतकऱ्यास पीक उभे असताना इंजिन बंद पडणे परवडत नाही. त्याच्या दृष्टीने दोन-चार टक्के जास्त शक्तीपेक्षा न थांबणारे यंत्र मोलाचे असते. बैल पाहून फाळ खोल करावा, तसेच साखळीतील सर्वांत दुबळा भाग पाहून गुणोत्तर निवडावे.