अनामत खात्यातले पंचवीस रुपये

आमच्या घरच्या लोखंडी पेटीत लाल कापडी बांधणीची एक वही आहे. नागपुरात इतवारीत आमचं सोनारकामाचं छोटं दुकान होतं, त्या दुकानाची ही १९६२-६३ सालची वही. तिच्यातल्या एका पानावर आज बोलायचं आहे. पण आधी थोडं मागे जाऊ.

काम व्हायच्या आधी गिऱ्हाईक जे पैसे हातावर ठेवतं, त्याला आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा. आमच्या विदर्भात इसार. शेताचा सौदा ठरला की इसारपावती होते. कुणी विसार म्हणतं, कुणी बयाणा. बयाणा फारसीतून आला, त्याच्या मुळाशी विक्रीसाठीचा अरबी शब्द आहे. कोकणाकडे संचकार म्हणतात. वाजंत्रीवाल्याला किंवा तमाशाच्या फडाला बोलवायचं तर सुपारी द्यायची. आज वर्तमानपत्रात हा शब्द भलत्याच कामासाठी वाचायला मिळतो, त्याला इलाज नाही!

यातला संचकार सर्वांत जुना. संस्कृतातल्या सत्यंकारापासून तो आला. सत्यंकार म्हणजे बोलणं खरं करणारी वस्तू. याज्ञवल्क्य स्मृतीत त्याचा नियमच आहे. सत्यंकार घेऊन ज्यानं शब्द मोडला, त्यानं दुप्पट परत करावं. देणारा फिरला तर त्याचं दिलेलं बुडालं. गंमत म्हणजे सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्यातही हाच हिशेब आहे. विकत घेणारा फिरला तर इसार गेला, विकणारा फिरला तर दुप्पट द्यायचा. या दोघांनी एकमेकांचं काही वाचलं असेल असं मला वाटत नाही. बाजारात बसणारी माणसं सगळीकडे सारखीच, एवढंच.

हे झालं कायद्याचं. वहीत काय लिहायचं हा प्रश्न निराळा, आणि माझ्या मते जास्त अवघड. पैसे तर गल्ल्यात आले. मग ते आपले झाले का?

आपल्या देशी नाम्यात डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. इंग्रजी पद्धतीत नेमकं उलट. मी कॉमर्सला गेलो तेव्हा पहिले सहा महिने त्यातच गेले. इसार आला की रोजकीर्दीत तो गिऱ्हाइकाच्या नावानं जमा करायचा आणि खतावणीत त्याच्या खात्यावर न्यायचा. खात्यावर जमा बाकी दिसते, तोवर आपण त्याचे देणेकरी. दागिना हाती दिला की सोन्याची किंमत आणि घडणावळ त्याच्या नावे टाकायची. तेव्हा कुठे ती विक्री. आजचे चार्टर्ड अकाउंटंट ताळेबंदात ‘ग्राहकांकडून आगाऊ रकमा’ देण्याच्या बाजूला दाखवतात, तेही हेच.

माझे आजोबा शाळा फारशी शिकले नव्हते, पण अनामतीची वही वेगळी ठेवत. त्यात रोख इसार असे, आणि मोडीसाठी आलेलं सोनंही गुंजेपर्यंत लिहिलेलं असे. अनामत म्हणजे विश्वासानं ठेवलेलं. ती रक्कम ते वेगळ्या डब्यात ठेवत, आणि घरात कितीही ओढाताण असली तरी डब्याला हात नसे.

बाबांना हे जुनाट वाटे. आजोबा गेल्यावर त्यांनी एकच वही केली. आलेला पैसा ती ‘आवक’. १९६२च्या दिवाळीत लगनसराईच्या ऑर्डरी चांगल्या आल्या. चौदा गिऱ्हाइकांचे मिळून आठशे सत्तर रुपये इसाराचे होते. वहीत आवक फुगलेली दिसली. बाबांनी जुनं कर्ज फेडलं आणि दुकानाला काचेचं कपाट केलं.

चीनशी युद्ध नुकतंच झालं होतं. जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमच्या दुकानाच्या पायरीवर रोज कुणी ना कुणी बसलेलं असायचं. एक म्हातारे गृहस्थ बाबांना म्हणाले, ‘‘दादा, चौदा कॅरेटचं मंगळसूत्र घालू का पोरीच्या गळ्यात? तुमचा दोष नाही, पण माझे पैसे द्या.’’

कुणाचे किती, हेच बाबांना धड सांगता येईना. ‘आवक’ या एका शब्दात चौदा नावं बुडाली होती. पावत्यांवरून आणि लोकांच्या तोंडच्या शब्दावरून त्यांनी एका रात्रीत यादी केली. गल्ल्यात साडेतीनशेच्या आसपास होते. दुसऱ्या दिवशी आईच्या हातात पाटल्या नव्हत्या. घरात त्यावर कुणी काही बोललं नाही.

मी सांगतोय ते पान त्या रात्रीचं. वर ठळक अक्षरात ‘अनामत’ असं लिहिलेलं आहे, खाली चौदा नावं. तेरा नावांवर रेघ मारलेली आहे.

योगायोग असा की त्याच १९६३ साली महाराष्ट्रात सदनिकांच्या मालकीचा कायदा झाला. फ्लॅटसाठी घेतलेली आगाऊ रक्कम बिल्डरनं वेगळ्या खात्यात ठेवावी, तो त्या पैशाचा विश्वस्त आहे, असं त्यात म्हटलं. म्हणजे आजोबांचा डबाच! पुढे २०१६च्या ‘रेरा’ कायद्यानं सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्याची सक्ती केली. अर्धशतकानंतर ती का करावी लागली, हे ज्यांचे पैसे अडकले त्यांनाच विचारावं. जीएसटीनं आणखी एक भेद आणला. मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७पासून कर लागत नाही, पण मंगल कार्यालय किंवा केटररनं इसार घेतला की कर तेव्हाच लागू होतो. मी जन्मभर लहान दुकानांचे हिशेब लिहिले. नव्या दुकानदाराला मी पहिल्या दिवशी विचारत असे, इसार कुठे लिहिता? निम्मे जण गल्ल्याकडे बोट दाखवत.

दागिन्यांवरचं चौदा कॅरेटचं बंधन १९६६मध्ये सैल झालं आणि सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला. तोवर बाबा थकले होते. पण १९६३नंतर त्यांनी अनामतीची वही एकदाही चुकवली नाही.

चौदावं नाव एका बाईचं आहे. इसार पंचवीस रुपये, कानातल्यांसाठी. त्या कधी आल्याच नाहीत. पत्ता लिहिलेला नव्हता, कारण तो इसार आला तेव्हा बाबा पत्ते लिहीत नसत. दर दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडली की पहिल्या पानावर बाबा त्यांचं नाव लिहीत आणि पुढे मागील बाकी पंचवीस रुपये जमा. दुकान बंद झालं त्या वर्षीच्या वहीतही ते आहेत.